लालबाग ते शिराज : माधव ज्यूलियनांची फारसी आणि आपली

लालबाग हे नाव फारसी आहे, हे लालबागमध्ये वाढत असताना मला कुणी सांगितले नव्हते. ‘लाल’ही फारसीतून आलेला आणि ‘बाग’ही. आमच्या चाळीभोवती बाग नव्हती, गिरण्यांची धुराडी होती. अब्बा साचेखात्यात होते. हजेरी, बदली, रजा, मुकादम हे त्यांच्या तोंडी रोज येणारे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले, हेही मला फार उशिरा कळले. त्यामुळे कॉलेजात दुसरी भाषा म्हणून फारसी घेतली तेव्हा वाटले, आपण फार लांबच्या देशाची भाषा शिकायला निघालो आहोत.

भाषा शिकताना तिचा देश पाहण्याची ओढ लागते. मला शिराजची लागली. हाफिज आणि सादी दोघेही तिथलेच, दोघांच्या कबरी तिथेच. शाळेतला जुना नकाशासंग्रह काढून मी मुंबईपासून बुशहर बंदरापर्यंत आणि तिथून शिराजपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली होती. रेघ जेमतेम चार बोटांची होती. ती 1979-80 ची गोष्ट. इराणात क्रांती झाली होती, मग इराकशी युद्ध सुरू झाले. इकडे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अब्बांची हजेरी कायमची संपली. शिराज राहून गेले. पुढे पासपोर्ट काढला, त्यावर त्या देशाचा शिक्का काही बसला नाही.

हे स्वतःचे पुराण सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या कवीविषयी मला लिहायचे आहे त्याच्याकडे मी याच ओढीतून गेलो. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. तिथे एका दुपारी माधव ज्यूलियनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ हातात पडला. सन 1925. मुखपृष्ठावर माधव त्रिंबक पटवर्धन हे नाव. मला धक्काच बसला. ज्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकात वाचल्या तो रविकिरण मंडळातला कवी आणि हा फारसीचा कोशकार एकच, हे कोणत्याही गुरुजींनी आम्हाला सांगितले नव्हते. आणि मराठीतल्या फारसी शब्दांचा कोश एका चित्पावन ब्राह्मणाने केला, ही गोष्ट आमच्या घरात, मोहल्ल्यातही कुणाला ठाऊक नव्हती. आपण मुस्लीम मराठी माणसे भाषेच्या वारशावर पुष्कळ बोलतो. तो वारसा नोंदवून ठेवण्याचे काम कुणी केले याची चौकशी मात्र कमी करतो.

माधवराव 1894 मध्ये बडोद्याला जन्मले आणि 1939 च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी एम.ए. केले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात 1918 ते 1924 फारसी शिकवली आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अखेरपर्यंत राहिले. 1936 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा मराठीत आणल्या. 1929 मध्ये मूळ फारसीवरून, 1931 मध्ये ‘द्राक्षकन्या’ या नावाने फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून, आणि मृत्यूनंतर 1940 मध्ये ‘मधुलहरी’ हे आणखी एक रूप बाहेर आले. एकाच कवीकडे माणूस पुन्हा पुन्हा जातो तेव्हा त्याला त्या कवीत नुसता अनुवादाचा विषय दिसत नसतो. तिथे राहायला जागा मिळते आहे का, हे तो पाहत असतो.

त्यांच्या आयुष्याचा नकाशा मात्र बडोदा, मुंबई, पुणे, कोल्हापूर एवढ्यातच मावतो. त्यांची फारसी पुस्तकांतली होती आणि त्यांचा इराणही. त्यात कमीपणा काहीच नाही. फिट्झजेराल्डने तरी इराण कुठे पाहिला होता? कॉवेल नावाच्या मित्राने फारसी शिकवली, त्यानेच कलकत्त्याच्या हस्तलिखिताची नक्कल पाठवली, आणि इंग्लंडातल्या सफोक परगण्यात बसून त्या गृहस्थाने 1859 मध्ये जगभर गाजलेला खय्याम उभा केला. इक्बालांचे निम्म्याहून अधिक काव्य फारसीत आहे. 1933 मध्ये ते अफगाणिस्तानापर्यंत गेले, इराण पाहणे झाले नाही. हिजाजची ओढ तर त्यांना आयुष्यभर होती. ‘अरमुगाने हिजाज’, म्हणजे हिजाजची भेट, या नावाचा त्यांचा संग्रह 1938 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पाय हिजाजला लागलेच नाहीत.

आणि उलट बाजूने पाहा. बहमनी सुलतानाचा मंत्री मीर फजलुल्लाह अंजू याने खुद्द हाफिजला दख्खनला यायचे निमंत्रण दिले, वाटखर्चही पाठवला. हाफिज होर्मुजपर्यंत आला, गलबतावर चढला, तेवढ्यात वादळ झाले. काहीतरी निमित्त सांगून तो उतरला आणि सुलतानासाठी एक गजल पाठवून शिराजला परत गेला. ही हकीकत विजापुरात बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्ताने नोंदवली आहे. म्हणजे शिराजचा कवी दख्खनला पोचला नाही आणि दख्खनचे कवी शिराजला पोचले नाहीत. पोचली ती भाषा.

माझ्या मते माधव ज्यूलियनांच्या फारसीचा विचार याच ठिकाणापासून व्हायला हवा. त्यांना गजल जमली की नाही, हा प्रश्न मराठीत पुष्कळ चघळून झाला आहे. 1933 च्या ‘गज्जलांजली’तल्या रचना तंत्राने गजल आणि वृत्तीने भावगीत आहेत, शेर सुटा उभा राहत नाही, ओळीमागून ओळ एकाच भावनेची साखळी होते, हा आक्षेप खराच आहे. सुरेश भटांनी पुढे ‘गझलेची बाराखडी’ लिहून प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते हे नव्या कवींच्या मनावर बिंबवले. तेव्हापासून माधवरावांची गजल म्हणजे पहिलीतल्या मुलाची पाटी, असा सूर लागतो. तो मला अन्यायाचा वाटतो. आधी कुणीतरी पाटी आणावी लागते. फारसी वृत्ते मराठीच्या लघु-गुरूंत चोख बसवून दाखवण्याचे किचकट काम माधवरावांनी केले, म्हणून पुढच्यांना पाटी कोरी मिळाली नाही.

मला त्यांच्या कामात वेगळीच गोष्ट खटकते. अरूजमध्ये ‘फाइलातुन’ हा गण चार वेळा आला की जे वृत्त होते त्याला मराठीत नाव आहे ‘व्योमगंगा’. अशी किती तरी फारसी वृत्ते मराठीत संस्कृत नावांनी नांदत आहेत. ‘आनंदकंद’ म्हटले की आज मराठी गजलकाराच्या ध्यानीमनीही येत नाही की हे घराणे बाहेरून आले. आपल्याकडे लग्नानंतर सासरी मुलीचे नाव बदलायची पद्धत होती. ते प्रेमानेच करत. नवे नाव तांदळात लिहीत, गोडधोड करत. पण मुलीचे माहेरचे नाव हाक मारायला उरत नसे. माधवरावांनी फारसीला मराठी घरात सून म्हणून मानाने आणले याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. नाव बदलल्याचे वाईटही वाटते. दोन्ही एकदम वाटते, आणि दोन्हीपैकी एक सोडून देण्याची मला गरज वाटत नाही.

पुढची गोष्ट मात्र नुसत्या नावापुरती नाही. सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्दांची मुक्त उधळण करणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. सावरकरांनी रत्नागिरीहून चालवलेल्या चळवळीच्या बाजूने तो उभा राहिला आणि 1938 मध्ये त्याने ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. तारीख जाऊन दिनांक आला, हजर जाऊन उपस्थित आला. ज्याने कोश करून एकेका फारसी शब्दाचा घरपत्ता लिहून ठेवला, त्यानेच तेरा वर्षांनी त्या शब्दांना घर सोडायला सांगावे, हे कोडे आहे. याचे सोपे उत्तर आपल्याकडे तयार असते, की ही मुसलमानी छापाची भाषा होती म्हणून द्वेषाने हे झाले. चळवळीतल्या काहींच्या बाबतीत ते असेलही. माधवरावांच्या बाबतीत मला ते पटत नाही. द्वेष करणारा माणूस एकाच खय्यामचे तीन अनुवाद करत बसत नाही.

मग काय झाले असेल? माझा तर्क असा, की त्यांचे फारसीवरचे प्रेम हे दूरच्या देशावरचे प्रेम होते. गुलाब, बुलबुल, साकी, द्राक्षाचा वेल, शिराजच्या बागा ही त्यांची फारसी. ती इराणची होती आणि इराणातच शोभत होती. अशा प्रेमाला जवळ दिसणारी तीच भाषा ओळखू येत नाही. कचेरीतल्या कारकुनाच्या तोंडची, गिरणीतल्या मुकादमाच्या तोंडची, खाटकाच्या आणि पिंजाऱ्याच्या तोंडची फारसी ही त्या बागेतली वाटत नाही. ती मोडकी, मिसळलेली, जागा अडवून बसलेली वाटते. मनातल्या शिराजला जपायचे तर घरातल्या शिराजला बाहेर काढायला हरकत वाटत नाही. एका अर्थाने शुद्ध फारसी आणि शुद्ध मराठी ही एकाच स्वप्नाची दोन टोके आहेत. दोन्हींना मिसळणे सोसत नाही.

आणि शिराज तर हाकेच्या अंतरावर होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून चालत निघाले तर तासाभरात इमामवाड्याच्या रस्त्यावर मोगल मशीद लागते. निळ्या फरशांची ही इराणी मशीद 1860 ची. बांधवून घेणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव हाजी मुहम्मद हुसैन, आणि आडनावच शिराजी. एकोणिसाव्या शतकात याच मुंबईत शिळाछापावर शाहनामा आणि हाफिज छापले जात आणि गलबतांतून इराणच्या बाजारात विकायला जात. ‘गज्जलांजली’ निघाली त्याच 1933 साली इराणचा पहिला फारसी बोलपट ‘दुख्तरे लूर’ तयार झाला, तो तेहरानमध्ये नव्हे, मुंबईत, अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत. त्याच्या आदल्या वर्षी, 1932 मध्ये, रवींद्रनाथ हाफिजच्या कबरीपाशी जाऊन आले, त्यांच्यासोबत मुंबईचे फारसीचे पंडित दीनशा इराणी होते. त्या काळात मुंबईहून इराणच्या आखाताकडे नियमित बोटी सुटत. म्हणजे मुंबईला फारसी ही दूरची भाषा नव्हतीच. ती बंदरावर उतरे, छापखान्यात छापली जाई, हॉटेलात चहाचे पैसे मोजे.

हॉटेल म्हटल्यावर मला आमच्या नाक्यावरचा इराणी आठवतो. काळ्या लाकडाच्या वाकड्या पाठीच्या खुर्च्या, काचेच्या बरण्या, ब्रून मस्का. गल्ल्यावरचे चाचा यज्दकडचे. मी कॉलेजातली फारसी त्यांच्यावर आजमावायला गेलो. आमचे मौलवीसाहेब ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘शेर’ म्हणजे सिंह असा फरक घोटून घेत. चाचांना विचारले, सिंहाला काय म्हणता? ते म्हणाले, शीर. आणि दुधाला? तेही शीर. मग कळते कसे, असे विचारल्यावर चाचा म्हणाले, “अरे बाबा, चायमें दूध डालते हैं. शेर को कौन डालेगा?” सगळे हॉटेल हसले. मी ओशाळून घरी आलो आणि ठरवले, की आमच्या मौलवीसाहेबांना फारसी येत नाही. खरी फारसी इराणची.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की ‘शेर’ आणि ‘शीर’ यांतला फरक हा फारसीचा जुना उच्चार आहे. तो हिंदुस्थानात टिकला, अफगाणिस्तानात टिकला, इराणात मात्र लोपला. म्हणजे मौलवीसाहेब चुकत नव्हते. इराणने जे टाकले ते त्यांनी सांभाळले होते. चाचाही चुकत नव्हते. चुकलो होतो मी, कारण मला वाटत होते की भाषा जिथून निघाली तिथेच खरी असते आणि बाकी सगळीकडे तिची नक्कल असते. आज ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात घेतली की मला हा ‘शीर’ आठवतो. दूध आणि खजूर एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तो आमच्या घरात शिराजहून आणलेला नाही. तो इथे शिजलेला आहे.

इथवर वाचून आपल्यातल्या काहींना बरे वाटले असेल. भाषाशुद्धीवाल्यांना कुणीतरी चार शब्द सुनावले म्हणून. त्यांना मी पुढचा भागही वाचायची विनंती करतो, कारण हा लेख निम्मा त्यांच्यावर, म्हणजे आपल्यावर आहे.

माझ्या दादीला हजला जायचे होते. तेव्हा हजची बोट मुंबईहून जेद्दाला जाई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात गावाकडचे कुणी हजयात्रेकरू उतरले की दादी त्यांना भेटायला जायची आणि येताना ‘माझा सलाम सांगा’ म्हणायची. तिला कुराण वाचता येत होते, अर्थ येत नव्हता. अक्षरे ती कोकणी जिभेने लावायची. अरबीतले तीन-चार वेगवेगळे ‘ज’ तिच्या तोंडी एकच होत. ती नमाज म्हणायची, रोजा म्हणायची, रमजान म्हणायची, निरोप घेताना खुदा हाफिज म्हणायची. 1995 मध्ये बोटी बंद झाल्या, त्याआधीच ती गेली. मक्का तिने भिंतीवरच्या चित्रात पाहिली तेवढीच.

आता आमच्या घरातली तरुण मुले आखातात नोकरीला असतात. सुटीवर येतात तेव्हा मोठ्यांची भाषा सुधारतात. रमजान नाही, रमादान म्हणा. खुदा हाफिज नाही, अल्लाह हाफिज म्हणा. नमाज कशाला, सलाह म्हणा. त्यांच्या मनात वाईट काही नसते. उलट भक्तीच असते, जिथे दीन उतरला त्या भूमीची ओढ असते. मी एकदा पुतण्याला विचारले, की नमाज, रोजा, खुदा, पैगंबर, फरिश्ता, बहिश्त हे सगळे शब्द फारसी आहेत, ते काढून टाकलेस तर तुझ्या दादीची सगळी इबादत कुठल्या भाषेत झाली म्हणायची? तो गप्प राहिला. मग म्हणाला, “चाचा, तिला माहीत नव्हतं ना.” तिला माहीत नव्हते हे खरे. पण तिने पन्नास वर्षे ज्या शब्दांनी अल्लाहला हाक मारली ते शब्द अशुद्ध होते, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

तेव्हा मला माधव ज्यूलियन पुन्हा आठवले. ‘हजर’ला हटवून ‘उपस्थित’ बसवणारा कवी आणि ‘नमाज’ला हटवून ‘सलाह’ बसवणारा माझा पुतण्या यांच्यात दिशेचा फरक आहे, चालीचा नाही. एकाला संस्कृताच्या उगमाकडे जायचे होते, दुसऱ्याला अरबीच्या. दोघांच्याही वाटेत तीच मिसळलेली, वापरून गुळगुळीत झालेली, आपल्या आयांच्या तोंडची भाषा आडवी येते आणि दोघेही तिला बाजूला सारतात. दोघांचेही प्रेम खरे आहे. म्हणूनच ते अवघड आहे. द्वेषाशी भांडता येते, अशा प्रेमाला समजावावे लागते.

दूरच्या जागेची ओढ वाईट, असे मला म्हणायचे नाही. ती नसती तर माधवरावांनी कोश केला नसता, मी फारसीच्या वर्गात बसलो नसतो आणि दादीने अक्षर ओळखले नसते. पण ज्या भूमीवर पाय ठेवायला मिळत नाही ती मनात फार स्वच्छ होत जाते. तिथे धूळ नसते, गर्दी नसते, चुका नसतात. त्या स्वच्छ भूमीच्या मापाने आपण घरातली भाषा मोजू लागलो, की घर कायमच तोकडे पडते. हाफिज होर्मुजहून परतला नसता, दख्खनला आला असता, तर इथल्या मिसळलेल्या बोलीला तो कदाचित हसलाही असता. दख्खनने मात्र त्याची वाट पाहत आपली बोली थांबवून ठेवली नाही. ती बोलत राहिली, म्हणून आपण आहोत.

कोशाकडे परत येतो. माधवरावांच्या सगळ्या कामात मला हा कोशच सर्वांत प्रामाणिक वाटतो, त्यांच्या कवितेहून आणि अर्थातच त्यांच्या भाषाशुद्धीहूनही. कवितेत ते शिराजला जायला निघतात, ‘भाषाशुद्धिविवेका’त शिराजला घराबाहेर काढतात. कोशात मात्र ते घरीच बसून प्रत्येक शब्दाला विचारतात, तू कुठून आलास आणि इथे काय करतोस. न्याय एवढाच असतो. आलेल्याची नोंद घ्यायची, त्याचे काम पाहायचे. डॉ. यू. म. पठाणांनी मराठी बखरींतल्या फारसीचा अभ्यास केला तो याच वृत्तीने. 1990 मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा आपल्याला झालेला आनंद आठवतो. त्या आनंदाबरोबर त्यांचे काम पुढे नेण्याची जबाबदारीही आपल्यावर आली होती, ती आपण फारशी उचलली नाही.

एक शब्द शेवटी नोंदवावासा वाटतो. गिरणगावाने ज्या शब्दावर लढे लढवले तो ‘कामगार’. मराठीतल्या कामगारातले ‘काम’ आपले, ‘गार’ हा प्रत्यय मात्र फारसी. गंमत अशी, की फारसीतही ‘कामगार’ असा शब्द आहे, पण तिथे ‘काम’ म्हणजे इच्छा, आणि कामगार म्हणजे ज्याची इच्छा पुरी झाली असा भाग्यवान माणूस. हे मला कळले तेव्हा अब्बा हयात होते. संपानंतर ते वर्षभर घरीच बसून होते, मग एका दुकानात पहारेकरी म्हणून लागले. मी त्यांना हा अर्थ सांगितला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “तिकडे गिरण्या आहेत का?” मी म्हणालो, आहेत, इस्फहानला कापडाच्या आहेत. ते म्हणाले, “मग तिथल्या माणसांना विचार, त्यांची इच्छा पुरी झाली का ते.”

शिराजला मी अजून गेलेलो नाही. पण या वार्षिकाच्या वाचकांना एक काम सुचवावेसे वाटते. ते शिराजला न जाताही करता येईल. माधवरावांच्या कोशाला 2025 मध्ये शंभर वर्षे झाली. जुने कागद वाचणाऱ्यासाठी तो आजही उपयोगी आहे. घराघरांत बोलली जाणारी फारसी गोळा करणे मात्र एका माणसाच्या आवाक्यातले कधीच नव्हते. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, सोलापूर-कोल्हापूरकडच्या मुसलमान बायकांच्या तोंडी स्वयंपाकाचे, लग्नाचे, मयतीचे, शिवणकामाचे जे शब्द आहेत ते लिहून ठेवा. उच्चार सुधारू नका. जसे बोलतात तसेच लिहा, आणि पुढे त्या बाईचे गाव लिहा. माझ्याकडे दादीचे एकशे चाळीस शब्द झाले आहेत. पहिला ‘दस्तरखान’ आहे. ती त्याला ‘दस्तरखाना’ म्हणायची. तसाच लिहिला आहे.